गुंत्याचा गल्ला

मार्च २०२४ मध्ये भारत राष्ट्र समितीचे कार्यकर्ते हैदराबादच्या रस्त्यावर उतरले. मागणी एका ओळीची होती: एलआरएस फुकट करा. गंमत अशी की शुल्कासकट एलआरएसचा आदेश काढला होता तो याच पक्षाच्या सरकारने, ३१ ऑगस्ट २०२० रोजी. तेव्हा काँग्रेस विरोधात होती आणि हीच मागणी तिच्या तोंडी होती. डिसेंबर २०२३ मध्ये काँग्रेस सत्तेवर आली आणि तीन महिन्यांच्या आत लोकांना सांगण्यात आले की ३१ मार्चपर्यंत पैसे भरा आणि प्लॉट नियमित करून घ्या. मग विरोधी बाकांवर गेलेल्यांनी मंत्र्यांची जुनी वक्तव्ये शोधून काढली आणि वाजवून दाखवली. दोन्ही पक्षांनी फक्त खुर्च्या बदलल्या, संवाद तेच राहिले.

याला राजकारण्यांचा दुटप्पीपणा म्हणून सोडून देता येईल. तसे केले तर एक जास्त महत्त्वाचा प्रश्न हातून निसटतो. जो पक्ष सत्तेवर येतो त्याला ही योजना सोडवत का नाही? माझे उत्तर असे की हैदराबादेतला जमिनीचा कायदा जितका गुंतागुंतीचा, तितका सरकारचा गल्ला भरलेला. गुंता हा या यंत्रणेतला बिघाड आहे, आणि तो कोणीतरी हुशार अधिकारी येऊन दुरुस्त करील, असे आपण मानून चालतो. त्या गुंत्यावर रोजची वसुली होते हे आपण बघत नाही.

आधी एलआरएस, म्हणजे लेआउट रेग्युलरायझेशन स्कीम, हा काय प्रकार आहे ते सांगायला हवे, कारण महाराष्ट्रातल्या वाचकाला तो गुंठेवारी या नावाने माहीत आहे. शेतकरी जमीन विकतो, कोणी दलाल किंवा डेव्हलपर तिचे तुकडे पाडतो, पांढरे दगड रोवून त्यावर रंगाने नंबर टाकतो आणि कमानीवर झकास नाव देतो. हैदराबादेत या प्रकाराला ‘व्हेंचर’ म्हणतात आणि मोजमाप गजात चालते. लेआउटला मंजुरी नसते. रस्ता कागदावर तीस फुटांचा असतो आणि बागेची जागा कागदावरही नसते. निवृत्तीच्या पैशातून, मुलीच्या लग्नासाठी म्हणून, कोणी दीडशे-दोनशे गज घेऊन ठेवतो. खरेदीखताची नोंदणी सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात रीतसर होते. मुद्रांक शुल्क भरले जाते, अंगठे उमटतात, फोटो काढले जातात. आणि काही वर्षांनी तेच सरकार सांगते की हा प्लॉट अनधिकृत आहे, यावर बांधकामाची परवानगी मिळणार नाही.

काचिगुड्यातल्या एका निवृत्त शिक्षकांची अशी फाईल मी चाळली आहे. प्लास्टिकच्या पिशवीत खरेदीखत, त्याच्या मागची दोन ‘लिंक डॉक्युमेंट’, ईसी म्हणजे बोजा प्रमाणपत्र, व्हेंचरचा रंगीत नकाशा (त्यात एक कारंजे दाखवले आहे, जे आजही फक्त त्या नकाशातच उडते), आणि २०२० साली भरलेल्या एक हजार रुपयांची पावती. हजार रुपये ही केवळ अर्जाची फी. त्या वर्षी तेलंगणभरातून पंचवीस लाखांवर अर्ज आले. नुसत्या अर्जांपोटी अडीचशे कोटींच्या आसपास रक्कम जमा झाली, आणि पुढची चार वर्षे बहुतेक फायली जिथल्या तिथे पडून राहिल्या.

खरा हिशेब नंतरचा. समजा दोनशे गजांचा प्लॉट आहे आणि खरेदीच्या दिवशी सरकारी भाव गजाला साडेतीन हजार होता. म्हणजे किंमत सात लाख. खरेदीच्या वेळी, जुन्या सहा टक्के दराने, बेचाळीस हजार सरकारकडे गेलेलेच आहेत. आता नियमितीकरणाचा दर त्या आकाराला चौरस मीटरमागे चारशे रुपये, पण भावाच्या पट्ट्याप्रमाणे त्याचे तीस टक्के. म्हणजे वीस हजारांच्या आसपास. लेआउटमध्ये मोकळी जागा सोडलेली नाही म्हणून प्लॉटच्या किमतीच्या १४ टक्के आणखी, म्हणजे अठ्ठ्याण्णव हजार. एकूण एक लाख अठरा हजार. मूळ आदेशात हा भाव २०२० सालचा धरायचा होता, म्हणजे १९९५ मध्ये घेतलेल्या प्लॉटवरही आजच्या किमतीने आकारणी. त्यावर ओरड झाली आणि सुमारे पंधरवड्यात नवा आदेश काढून खरेदीच्या तारखेचा भाव धरण्यात आला. २०२५ मध्ये पंचवीस टक्के सूट दिली गेली, तिची मुदतही वाढवली गेली. निजामाच्या मुलखातून आपल्या पूर्वजांनी चौथाई वसूल केली त्याची ही उलटी परतफेड असावी.

मोकळी जागा सोडली नाही डेव्हलपरने. पैसे घेऊन तो पुढच्या व्हेंचरला गेला. नोंदणी करून घेतली सरकारी कार्यालयाने. आणि १४ टक्के भरायचे कोणी, तर ज्याच्याकडे दोनशे गजांखेरीज सोडायला जागाच नव्हती त्याने. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

या योजनेचा इतिहासही बोलका आहे. २००७ च्या शेवटी संयुक्त आंध्रात ती पहिल्यांदा आली तेव्हा ‘एकदाच मिळणारी संधी’ म्हणूनच आली. तेलंगण झाल्यावर २ नोव्हेंबर २०१५ रोजी पुन्हा आली. तिच्या जोडीला अनधिकृत बांधकामांसाठी बिल्डिंग रेग्युलरायझेशन स्कीम होती, जिचे बीआरएस हे लघुरूप पुढे तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाने स्वतःचेच नाव म्हणून घेतले, हा निव्वळ योगायोग. २०२० मध्ये पुन्हा. म्हणजे दर पाच-आठ वर्षांनी शेवटची संधी मिळते. मधल्या काळात अनधिकृत प्लॉट पडत राहतात, त्यांची नोंदणी होत राहते आणि पुढच्या शेवटच्या संधीचे पीक तयार होते.

यातला कळीचा मुद्दा नोंदणीचा आहे. आपल्याकडे नोंदणी होते ती दस्ताची. मालकी हक्काची हमी सरकार देत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याची रचनाच अशी आहे. अमुकने तमुकला अमुक जमीन विकली असे लिहिलेला कागद आमच्यासमोर आला आणि आम्ही तो नोंदवला, एवढेच सरकार म्हणते. विकणारा खरा मालक होता का, हे बघणे खरेदीदाराचे काम. मुद्रांक शुल्क मात्र संपूर्ण व्यवहाराच्या किमतीवर. जुलै २०२१ मध्ये तेलंगणने नोंदणीचा एकूण खर्च सहावरून साडेसात टक्क्यांवर नेला आणि त्याच दमात सरकारी भावही वाढवले. पन्नास लाखांच्या फ्लॅटवर पावणेचार लाख घेऊन सरकार ज्याची हमी देत नाही, अशी ही सेवा आहे. खासगी दुकानदाराने असे केले असते तर आपण ग्राहक मंचात गेलो असतो.

मालमत्ता करातही तेच. परवानगी नसलेल्या बांधकामालाही महापालिका घर क्रमांक देते, कर लावते, वीज आणि पाणी येते. पण कर भरला म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे, आणि कायद्याच्या भाषेत ते बरोबरच आहे. जुलै २०२४ मध्ये तलाव आणि सरकारी जागा वाचवण्यासाठी ‘हायड्रा’ ही यंत्रणा उभी राहिली. २४ ऑगस्टला अभिनेते नागार्जुन यांचे एन कन्व्हेन्शन हे सभागृह पाडले गेले तेव्हा शहराने टाळ्या वाजवल्या. तलावावरचे अतिक्रमण हटवायलाच हवे, यात दुमत नाही. नंतर बुलडोझर साध्या घरांकडे वळले आणि ढिगाऱ्यासमोर उभे राहून माणसे जे कागद दाखवत होती त्यात खरेदीखत होते, बांधकामाची परवानगी होती, कराची पावती होती. एका घरावर सरकारचे तीन-चार शिक्के, आणि घर बेकायदेशीर. आठवड्याच्या सुट्टीला जोडून पाडापाडी का केली जाते, असा जाब उच्च न्यायालयाने सप्टेंबरअखेर विचारला. तलावाची पूर्ण पातळी कुठवर हे ज्या खात्याला माहीत होते त्याने नोंदणी करणाऱ्या खात्याला कळवले का नाही, हा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी ही खात्यांची वाटणी.

इथे कोणी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल, की हा गुंता काही आजच्या सरकारने मुद्दाम विणलेला नाही. हैदराबादेची जमीन मुळातच अवघड आहे. आसफजाही राज्याचा साधारण चाळीस टक्के मुलूख जागीरदार, पायगा आणि सर्फ-ए-खास यांच्याकडे होता, उरलेला दिवाणी, म्हणजे सरकारी. सर्फ-ए-खास म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता. पायगा म्हणजे सरदार घराण्यांच्या प्रचंड जागिरी. त्याखेरीज इनामे: देवस्थानाची, दर्ग्याची, मदतमाश (निर्वाहासाठी), खिदमतमाश (सेवेसाठी). मराठवाड्यातल्या जुन्या घरांत हे शब्द आजही बोलण्यात येतात, कारण तेच कायदे तिथेही लागू होते. मराठ्यांचा अंमल असलेल्या भागांत दुअमली होती: त्याच गावातून निजामाचा माणूस वेगळे घेऊन जाई, चौथ-सरदेशमुखीचा वेगळे. १७२८ च्या मुंगी-शेवगावच्या तहाने ती वाटणी मान्य झाली. रयतेच्या बाजूने पाहिले तर मान्य झाले ते इतकेच की दोघेही घेणार.

पहिल्या सालारजंगाने यात हात घातला. १८५३ मध्ये तो दिवाण झाला तेव्हा महसूल वसुलीचे मक्ते दिले जात. मक्तेदार आगाऊ रक्कम भरत आणि मग जमेल तेवढे रयतेकडून काढत. सालारजंगाने ते मक्ते मोडले आणि १८६५ मध्ये जिलाबंदी आणली. जिल्हे आखले, पगारी तालुकदार नेमले. त्याच्या सुधारणेचा गाभा वसुलीच्या दरात नव्हता. घेणारा कोण आणि तो कोणाला जबाबदार, हे त्याने ठरवले. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

ऑगस्ट १९४९ मध्ये जागिरी खालसा झाल्या. मग इनामे रद्द करणारे कायदे आले, अतियात म्हणजे इनाम-अनुदानांच्या चौकशीचा कायदा आला, कुळकायदा आला, नागरी कमाल जमीन धारणेचा कायदा आला आणि गेला. प्रत्येक कायद्याने आधीचा हक्क संपवला, पण पूर्ण नाही. थोडा शिल्लक ठेवला आणि तो सिद्ध करण्याची सोय ठेवली. पायगा घराण्याच्या वारसांमधला १९५८ सालचा १४ क्रमांकाचा दिवाणी दावा शहरातल्या कोणत्याही जमीन-वकिलाला विचारा, तो आकडा ऐकून हसेल. मूळ वाटणीचा दावा. त्यातल्या हुकूमनाम्यांच्या आधारे हैदरनगरच्या जमिनीवर हक्क सांगणाऱ्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालय २०२३ मध्ये निकाली काढत होते. मणिकोंड्यात तर याहून अजब. हुसेन शाह वली दर्ग्याची १,६५४ एकर जमीन वक्फची की सरकारची, याचा फैसला फेब्रुवारी २०२२ मध्ये झाला, सरकारच्या बाजूने. त्या सोळाशे एकरांत मायक्रोसॉफ्ट होते, इन्फोसिस होते, इंडियन स्कूल ऑफ बिझनेस होते, लँको हिल्सचे मनोरे होते. सरकारने जागा आधी वाटून टाकली होती आणि मालक कोण ते नंतर ठरले. काचेच्या इमारतीत बसून कोड लिहिणाऱ्या पोराच्या खुर्चीखालची जमीन कोणाची, हे ठरवायला फसली सनांतले फारसी-उर्दू कागद आणि मुनतखब म्हणजे इनामाचे दाखले वाचावे लागले.

म्हणून ‘कायदे सोपे करा’ ही घोषणा मला अपुरी वाटते. तेलंगणने ती एकदा अमलात आणून पाहिली आहे. तिचे नाव धरणी.

नोव्हेंबर २०१९ मध्ये शहराच्या वेशीवर, अब्दुल्लापूरमेट इथे, एका माणसाने महिला तहसीलदाराला तिच्याच कार्यालयात पेट्रोल ओतून जाळले. तिला वाचवायला गेलेला तिचा चालक मेला, जाळणाराही मेला. कारण सांगितले गेले ते जमिनीचे पासबुक. या घटनेनंतर महसूल खात्यातल्या लोकांनी निषेध केला आणि त्याच वेळी समाजमाध्यमांवर अनेकांनी जाळणाऱ्याची बाजू समजून घेतली. मला त्या दुसऱ्या गोष्टीने जास्त धक्का बसला. एका कारकुनी खात्याबद्दल इतका राग साचलेला असू शकतो याची कल्पना शहरात राहणाऱ्यांना नव्हती. पुढच्या वर्षी सरकारने ग्राममहसूल अधिकाऱ्यांची पदेच रद्द केली, महसुली न्यायालये बंद केली आणि २९ ऑक्टोबर २०२० रोजी धरणी पोर्टल सुरू केले. तहसीलदारच सब-रजिस्ट्रार, खरेदी आणि फेरफार एकाच बैठकीत, पासबुकाची नोंद तिथल्या तिथे. ज्याची जमीन निर्वेध होती त्याचे काम खरोखरच अर्ध्या तासात झाले, आणि हे मान्य न करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सात-बाराच्या फेरफारासाठी तलाठ्यामागे फिरलेल्या माणसाला त्याचे मोल कळेल.

मात्र ज्याच्या नोंदीत चूक होती त्याला दारच उरले नाही. २०१७ च्या अभिलेख दुरुस्ती मोहिमेत घाईघाईने भरलेली माहिती तशीच पोर्टलवर चढली होती. नाव चुकले, सर्व्हे नंबर निषिद्ध यादीत गेला, एकर कमी झाले, तर दुरुस्ती कोण करणार? तहसीलदाराला अधिकार नाही. अपील नाही, कारण महसुली न्यायालयच नाही. पोर्टलवर वेगवेगळ्या तक्रारींसाठी वेगवेगळी मॉड्यूल, प्रत्येकाची वेगळी फी, अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे. आणि तो फेटाळला तर दिवाणी न्यायालय. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण ज्यांनी केली त्यांनी निदान पायरीखाली दुसरी काही सोय असेल असे गृहीत धरले होते. पहाणीपत्रकात वहिवाटदाराचा जो रकाना पिढ्यान् पिढ्या होता, तोही नव्या नोंदीत उरला नाही. मालक आहे किंवा नाही, इतकेच. सादा बैनामा, म्हणजे साध्या कागदावर झालेली खरेदी, ती नियमित करण्यासाठी लाखोंच्या संख्येने आलेले अर्ज न्यायालयीन स्थगितीत अडकले. कारण जुना कायदा रद्द झाला होता आणि नव्यात ती तरतूदच केली गेली नव्हती.

सोपे झाले ते सरकारचे काम. शेतकऱ्याच्या वाट्याला गुंता होताच, फक्त तो आता पडद्याआड गेला आणि त्याच्याशी भांडायला समोर माणूस राहिला नाही. तलाठ्याला शिवी देता येते, लाचही देता येते, गावात त्याचे घर माहीत असते. पोर्टलचे घर कुठे असते? धरणी तर बरीच वर्षे एका खासगी कंपनीच्या हाती होती.

धरणी बंगालच्या उपसागरात फेकू, हे काँग्रेसचे २०२३ चे गाजलेले आश्वासन. १४ एप्रिल २०२५ रोजी भू भारती आली. न्यायाने सांगायचे तर हा कायदा मागच्यापेक्षा समंजस आहे: अपिलाची सोय परत आणली, मॉड्यूल तेहतिसावरून सहावर आणली, खरेदीला मोजणीचा नकाशा जोडण्याची तरतूद केली. पण बुडवायचे म्हटलेल्या धरणीतली माहिती नव्या पोर्टलच्या पोटात तशीच आहे. नाव बदलले, दार उघडले, आतला गोंधळ कायम.

सरकारच्या बाजूने एक युक्तिवाद आहे आणि तो हलका नाही. मंजूर लेआउटमध्ये प्लॉट घेणाऱ्याने गजाला जास्त भाव मोजला, कारण त्याच्या डेव्हलपरने रस्ते केले, गटारे टाकली, बागेला जागा सोडली. अनधिकृत व्हेंचरमध्ये स्वस्तात घेणाऱ्याला फुकटात कायदेशीर केले तर प्रामाणिक माणसाने मूर्खपणा केला असे होईल. पटण्यासारखे आहे. अडचण अशी की सरकारे स्वतःच हा युक्तिवाद दर निवडणुकीला विकतात. महाराष्ट्रातच बघा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याविरुद्ध झालेले गुंठ्या-गुंठ्यांचे व्यवहार नियमित करायला २०१७ मध्ये बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत रक्कम मागितली. २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, ती पाच टक्के झाली. २०२५ मध्ये शून्य. मराठवाड्यातल्या मदतमाश जमिनींचा नजराणा पन्नास टक्क्यांवरून असाच पाचावर आला. या निर्णयांनी लाखो कुटुंबांची सुटका झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण २०१८ मध्ये ज्याने पंचवीस टक्के भरले त्याच्याकडे बघून सरकारला काय वाटते? नियमाचा दर तत्त्वावर ठरलेला असता तर तो पंचवीसवरून शून्यावर आलाच नसता. म्हणजे तो दर अंदाजाने लावलेला होता: किती ताणता येते बघू, नाही जमले तर सोडू.

हैदराबाद महापालिकेचे गणित याहून उघड आहे. एप्रिलमध्ये वर्षाचा मालमत्ता कर आगाऊ भरणाऱ्याला पाच टक्के सवलत मिळते. वर्षानुवर्षे थकवणाऱ्याला ‘वन टाइम स्कीम’मध्ये व्याजाची नव्वद टक्के माफी, आणि ही एकदाची योजनाही अनेकदा येऊन गेली आहे. थकबाकीदाराने नुसते थांबायचे असते. लोकांना कर भरायची सवय नाही, अशी तक्रार अर्थमंत्र्यांपासून वृत्तवाहिन्यांपर्यंत सगळे करतात. लोकांना न भरण्याची शिकवणी कोण देते, तेही सांगावे.

आणि एवढ्यावरही भागत नाही, म्हणून सरकार स्वतः जमीन विकते. ऑगस्ट २०२३ मध्ये कोकापेटला एका एकराला शंभर कोटींच्या वर बोली लागली. पुढे रायदुर्गमला १७७ कोटी. कांचा गच्चीबावलीचे चारशे एकर विकासासाठी मोकळे करायला २०२५ मध्ये झाडे तोडली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने हात धरला. जो जमिनीचा सर्वांत मोठा विक्रेता तोच भाव ठरवणार, तोच नोंदणी करणार, तोच कायदेशीर-बेकायदेशीर ठरवणार आणि बेकायदेशीर ठरलेल्याला कायदेशीर करण्याची किंमतही तोच आकारणार. सालारजंगाने मोडलेला मक्ता वेगळ्या वेषात परत आला आहे, फक्त मक्तेदाराच्या जागी सरकारच बसले आहे.

मग मागायचे काय? अनेक जाणकार सांगतात, हमी मागा. सरकारने दस्ताच्या ऐवजी मालकी नोंदवावी, नोंद चुकली तर भरपाई द्यावी. तत्त्वतः मला हे मान्य आहे. साडेसात टक्क्यांत तेवढे बसायला हवे. पण शेजारच्या आंध्रात काय झाले ते विसरून चालणार नाही. तिथल्या जगनमोहन रेड्डी सरकारने लँड टायटलिंग कायदा आणला, २०२३ मध्ये लागू केला. वकील संपावर गेले, कारण दिवाणी न्यायालयांचा अधिकार काढून टायटल अधिकाऱ्याच्या हाती दिला होता. पासबुकावर आणि सीमेच्या दगडांवर मुख्यमंत्र्यांचे छायाचित्र आणि नाव. लोकांनी त्याचा अर्थ ‘आता जमीन यांची’ असा लावला. २०२४ ची निवडणूक काही प्रमाणात याच भीतीवर लढली गेली, आणि नव्या सरकारने पहिल्या काही आठवड्यांतच तो कायदा रद्द केला. हमी देणारा कायदा लोकांना जप्तीचा कायदा वाटला. विश्वासाच्या बाबतीत आपण कुठे आहोत याचे यापेक्षा स्पष्ट मोजमाप मला माहीत नाही. ज्याने आजवर शिक्का मारून हात झटकले, त्याच्या हमीवर विसंबून कोर्टाचे दार बंद करून घ्यायला लोक तयार नाहीत, आणि त्यांचे काही चुकत नाही. हमी हवी, अपील राखून हवी, आणि तिची सुरुवात टायटलच्या भव्य योजनेपेक्षा साध्या ठिकाणाहून व्हायला हवी. ज्या सर्व्हे नंबरावर बंदी आहे, जो तलावाच्या पातळीत आहे, ज्या लेआउटला मंजुरी नाही, त्याचा दस्त नोंदवून शुल्क घेतले, तर ते शुल्क व्याजासकट परत करण्याची जबाबदारी नोंदणी खात्यावर टाका. एवढी एक तरतूद झाली तर खात्यांना एकमेकांशी बोलायला पोर्टल लागणार नाही.

मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला कराविरुद्ध रागावणे सोपे होते. निजामाच्या राज्याच्या सीमेवर करोडगिरीचे नाके होते, मालाला जकात लागायची, धान्यावर लेव्ही होती. १९४७-४८ मध्ये स्टेट काँग्रेसच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांतून येणाऱ्या तरुणांनी ते नाके जाळले, आणि सरकारचे अबकारी उत्पन्न बुडवायला शिंदीची झाडे तोडली. कर कुठे बसतो आणि कोण घेतो हे बोट दाखवून सांगता येत होते. आता राग येतो तो कोणावर काढायचा कळत नाही, म्हणून तो कधी एखाद्या कार्यालयातल्या बाईवर निघतो आणि पाच वर्षांनी एकदा मतपेटीत निघतो. आणि मतपेटीतून जे येतात ते तीच योजना पंचवीस टक्के सूट देऊन चालू ठेवतात.

त्यामुळे सभेत आणि मोर्चात ‘एलआरएस फुकट करा’ म्हणण्याऐवजी माझ्या ओळखीच्या त्या शिक्षकांनी एक लहान काम सुरू केले आहे. त्यांनी १४ टक्क्यांची रक्कम भरली आहे. ती मोकळ्या जागेसाठी घेतलेली रक्कम आहे. त्यांच्या व्हेंचरमध्ये किती प्लॉटधारकांनी मिळून किती भरली आणि त्या पैशातून त्या परिसरात मोकळी जागा कोणत्या सर्व्हे नंबरात घेतली, असा माहिती अधिकाराचा अर्ज त्यांनी दिला आहे. व्हेंचरमधल्या इतरांनाही त्यांनी अर्जाची प्रत दिली आहे, आपापल्या नावाने टाका म्हणून. अर्जाची फी दहा रुपये.